लपलेल्या पक्ष्याचे दर्शन

न्यूझीलंडमधल्या एखाद्या किवीघरात शिरले की पहिली काही मिनिटे काहीच दिसत नाही. बाहेर लख्ख दुपार, आत रात्र केलेली. डोळे सरावले की आधी ओल्या पालापाचोळ्याची जमीन दिसू लागते, मग नेच्यांचे काळे आकार, आणि मग कोंबडीएवढे काहीतरी हलते. शेपूट नाही. पंख आहेत, पण पिसांखाली दडलेले, असून नसल्यासारखे. पिसेही केसांसारखी लोंबतात. हा पक्षी चालतो तो लांब चोच जमिनीवर ठोकत ठोकत, काठी टेकत वाट काढावी तसा. मध्येच थांबतो, चोच थेट मुळापर्यंत मातीत खुपसतो, बाहेर काढतो आणि नाक शिंकरल्यासारखा आवाज करतो. त्याच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाला असतात. दुसऱ्या कुठल्याही पक्ष्याची अशी रचना नाही. मातीत नाक घालून जगणाऱ्याला ते सारखे मोकळे करावेच लागते. क्राइस्टचर्चच्या विलोबँक वन्यजीव उद्यानात तर मध्ये काचही नाही, त्यामुळे तो आवाज थेट कानावर येतो. हे सारे आपल्याला भर दुपारी दिसते, कारण तिथे रात्री दिवे लावतात आणि दिवसा मालवतात. पक्ष्याची रात्र उचलून आपल्या दुपारवर ठेवलेली असते. दुसऱ्या जिवाची रात्र अशी हलवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, आणि तो नसेल तर ज्याला वाचवायचे त्याला पाहायचे तरी कसे, हा प्रश्न मला धर्माचा वाटतो. प्राणिशास्त्र त्याचा तपशील पुरवते, पण निवाडा देत नाही.

मराठीत या प्रश्नाची किल्ली एका शब्दात आहे. ताडोब्याला जाऊन आलेला माणूस वाघ दिसला असे म्हणतोच, पण त्याहून जास्त वेळा वाघाचे दर्शन झाले असे म्हणतो. वर्तमानपत्रेही व्याघ्रदर्शन असाच मथळा देतात. विचारांच्या शास्त्रालाही आपण दर्शनच म्हणतो. हा शब्द सहज वापरला जातो, पण तो आपल्या अटी घेऊनच येतो. देवाच्या दर्शनाला जाणारा माणूस देवाच्या वेळेला जातो. काकड आरती, महापूजा, महानैवेद्य, शेजारती हे देवाच्या दिवसाचे वेळापत्रक असते, भक्ताच्या सोयीचे नसते. दरवाजा बंद असेल तर बाहेर थांबायचे असते. गाभाऱ्यात शिरता आले नाही तर मुखदर्शन, तेही झाले नाही तर कळसाला हात जोडून परत फिरायचे, आणि वारकरी परंपरेने कळसाच्या दर्शनाला कधी उणे मानले नाही. आषाढीच्या गर्दीसाठी मात्र पंढरपुरात देवाचा पलंग काढतात. मग निद्रा नाही, चोवीस तास दर्शन. पण यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते. देवाला शीण आला आहे असे मानून त्याला स्नान घालतात, काढ्याचा नैवेद्य दाखवतात, पलंग पुन्हा आत नेतात. पाषाणाच्या मूर्तीचीही झोप मोडल्याची भरपाई करावी लागते असे ज्या परंपरेला वाटते, तिच्यातला शब्द आपण जिवंत प्राण्याला लावतो तेव्हा त्या अटीही लावल्या पाहिजेत. दर्शन हा पाहणाऱ्याचा हक्क नाही. ते ज्याचे असते त्याच्या वेळेने, त्याच्या जागी आणि त्याची झोप राखून घ्यायचे असते. किवीच्या बाबतीत मला एवढेच सिद्ध करायचे आहे. मात्र त्यातून जे निघते ते अनेक पक्षिप्रेमींना आवडणारे नाही.

ज्यांच्या भूमीतला हा पक्षी आहे त्या माओरींकडे त्याचे एक नाव आहे: ते मनु हुना आ ताने, म्हणजे तानेने लपवलेला पक्षी. ताने हा अरण्यांचा देव. सांगितली जाते ती कथा अशी की जमिनीवरचे किडे झाडे खाऊ लागले तेव्हा तानेने पक्ष्यांना विचारले, कोण खाली उतरून अरण्याच्या तळाशी राहील? तुईला अंधाराची भीती वाटली, पुकेकोला ओल नको होती, पिपिवाराउरोआला घरटे बांधायचे होते. किवीने शेवटचे एकदा उन्हाकडे पाहिले आणि तो हो म्हणाला. पंख, रंग, उजेड सारे त्याने सोडले. ही कथा लहान मुलांना सांगतात, पण तिच्यामागचा विचार मोठा आहे. माओरी वंशावळीत ताने झाडांचा आणि पक्ष्यांचा पूर्वज आहे आणि माणसाचाही. पक्षी आधी आले, माणूस नंतर. त्यामुळे किवी हा नात्याने थोरला आणि माणूस धाकटा ठरतो. धाकट्याकडे राखणदारी येते, तिला ते काइतिआकीतांगा म्हणतात. या शब्दात मालकीही नाही आणि प्रेक्षकाची भूमिकाही नाही. आजही एका जागचे किवी दुसऱ्या जागी न्यायचे असतील तर त्या त्या जमातीशी बोलणी होतात, सोडताना कराकिया म्हणजे मंत्र म्हटले जातात, मेलेल्या पक्ष्याची पिसे त्या लोकांकडे परत जाऊन त्यांतून मानाचे झगे विणले जातात. ज्याचे नावच लपलेला असे आहे त्याला उजेडात आणून दाखवणे म्हणजे त्याचे नाव खोडणे आहे, आणि थोरल्या भावाला कोणी तसे वागवत नाही.

आता या पक्ष्याच्या देहाकडे पाहिले तर दर्शनाची आपली कल्पना आणखी अडचणीत येते. आपल्याकडे दर्शन दोन्ही बाजूंनी असते. भक्त देवाकडे पाहतो आणि देव भक्ताकडे, म्हणून तर मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी उघडतात. किवीला मात्र आपण दिसतच नाही म्हटले तरी चालेल. निशाचर पक्ष्यांचे डोळे सहसा मोठे असतात, घुबडाचे आठवा. किवीचे डोळे लहान आणि त्यांचा आवाकाही थोडा. २०१७ साली ओकारितोच्या जंगलातल्या रोवी जातीच्या किवींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या पक्ष्यांपैकी साधारण एकतृतीयांशांच्या डोळ्यांत काही ना काही दोष सापडला आणि तीन पक्षी पूर्ण आंधळे होते. ते तिन्ही धडधाकट होते, भरल्या अंगाचे होते, मोकळ्या रानात पोट भरत होते. या पक्ष्याने डोळ्यांवरचा भार नाकावर, कानावर आणि चोचीच्या टोकावर टाकला आहे. चोचीच्या टोकाला असलेल्या सूक्ष्म खळग्यांतून त्याला मातीतल्या अळीची हालचाल कळते. म्हणजे आपण त्याच्यापुढे उभे राहतो तेव्हा आपण त्याच्या लेखी एक वास असतो, पावलांची थरथर असतो, कुजबूज असतो. डोळ्यांनी आपण त्याच्याकडून घेतो आणि त्याला देतो ती ही थरथर. त्याच्याशी सभ्यपणे वागायचे तर ते त्याच्या इंद्रियांच्या हिशेबाने वागावे लागेल. फ्लॅश बंद करणे ही सुरुवात झाली. बोलणे बंद करणे, अत्तर न लावणे, पाय न आपटणे, आणि मुख्य म्हणजे हात न लावणे, हे त्याच्या जगातले शिष्टाचार आहेत.

हे सारे मोडले की काय होते ते मे २०२३ मध्ये जगाने पाहिले. अमेरिकेत मायामीच्या प्राणिसंग्रहालयात पाओरा नावाचा एक किवी होता. २०१९ मध्ये तिथेच अंड्यातून बाहेर आलेला. त्याचे नाव एका माओरी निसर्गरक्षकाच्या नावावरून ठेवलेले. त्याला भर उजेडात टेबलावर आणत, आणि सुमारे तेवीस डॉलर देणारे पर्यटक त्याच्या डोक्यावरून, चोचीजवळच्या मिशांवरून हात फिरवत. हे मिशांसारखे केस त्याच्या स्पर्शाचे अवयव आहेत. चित्रफितीत तो पक्षी अंधार शोधत सांदीकोपऱ्याकडे पळताना दिसतो. ती चित्रफीत न्यूझीलंडमध्ये पोचली आणि संतापाची लाट उठली, हजारो सह्यांचा अर्ज झाला, पंतप्रधानांपर्यंत विषय गेला. प्राणिसंग्रहालयाने चूक कबूल करून माफी मागितली आणि तो कार्यक्रम बंद केला. मला या प्रकरणात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या पक्ष्याला उपाशी ठेवले नव्हते, मारले नव्हते, त्याचे वैद्यकीय उपचार होत होते. तरी न्यूझीलंडच्या सामान्य माणसाला ते अमंगळ वाटले. का? कारण दर्शनाची उलटापालट झाली होती. पक्षी माणसाच्या वेळेला आणि माणसाच्या उजेडात उभा केला होता आणि त्याला लपण्याची सोय उरली नव्हती. रात्र हलवणे आणि रात्र हिरावणे यांत फरक आहे तो इथे दिसतो. किवीघरात बारा तासांचा नियमित अंधार असतो आणि देहाला त्याची सवय होते. टेबलावर तो अंधारच नव्हता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. माणसाला दिसले नाही तर त्याला आस्था वाटत नाही, आस्था वाटली नाही तर तो पैसे देत नाही, आणि पैशाशिवाय पक्षी वाचत नाहीत. शाळेतल्या मुलाने एकदा किवी डोळ्यांनी पाहिला की तो आयुष्यभर त्याच्या बाजूने उभा राहतो, असे सगळी उद्याने सांगतात. यात तथ्य आहे. पण पाहणे आणि आस्था यांची जी गाठ इथे बांधली आहे ती पुराव्यावर टिकत नाही. पाओराला पाहिलेल्यांनी, स्पर्श केलेल्यांनी त्याला वाचवले नाही. वाचवले ते हजारो मैल दूर बसून ज्यांनी त्याला कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते त्यांनी. उलट बाजूने पाहा. न्यूझीलंडचे लोक स्वतःला किवी म्हणवतात, आणि त्यांतल्या बहुसंख्यांनी रानातला किवी कधी पाहिलेला नसतो. वेलिंग्टन शहराच्या पश्चिमेकडच्या माकाराच्या टेकड्यांवर कॅपिटल किवी नावाच्या प्रकल्पाने सुमारे २४,००० हेक्टरांवर साडेचार हजारांहून अधिक सापळे लावले. जमिनींचे मालक, शेतकरी, माओरी जमाती, स्वयंसेवक सारे त्यात होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे पहिले अकरा किवी सोडले आणि पुढच्या वर्षी त्या टेकड्यांवर पिल्ले सापडली, शंभराहून अधिक वर्षांनी. सापळ्यांची फेरी मारणाऱ्या माणसाला किवी दिसण्याची शक्यता जवळजवळ नसते. त्याला मेलेला उंदीर दिसतो, रिकामा सापळा दिसतो, फार झाले तर रात्री दरीपलीकडून नराची चढत जाणारी शीळ ऐकू येते. तरी तो जातो. ही आस्था कळसाला हात जोडणाऱ्याची आहे. पाहिल्याने आस्था वाढू शकते हे मी मान्य करतो. पण पाहिल्याशिवाय ती उपजत नाही हे मात्र खोटे आहे, आणि पाहण्याच्या नावाखाली पक्ष्याला वेठीस धरणाऱ्याला हा खोटेपणा फार सोयीचा पडतो.

मग किवीघर हवे कशाला? माझे उत्तर असे की ते अंड्यासाठी हवे. किवीचे अंडे मादीच्या वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याचे असते. तपकिरी किवीत ते नर उबवतो, अडीच महिन्यांहून अधिक काळ. पिल्लू चोचीने कवच फोडत नाही, पायांनी लाथाडून बाहेर येते, आणि पहिले दहाएक दिवस पोटातल्या बलकावर जगते. आईबाप त्याला भरवत नाहीत. अशा पिल्लाला राखणदारी नसलेल्या रानात सोडले तर शंभरांतली नव्वद-पंचाण्णव मोठी होण्याआधीच मरतात, बहुतेक स्टोट नावाच्या छोट्या शिकारी प्राण्याच्या दातांखाली. वजन किलोभर झाले की पिल्लू स्टोटला लाथ मारून पिटाळू शकते. सारा प्रश्न त्या पहिल्या किलोचा आहे. १९९४ पासून चाललेल्या ऑपरेशन नेस्ट एग या उपक्रमात बिळातले अंडे उचलून आणतात, उबवणी यंत्रात ठेवतात, अंधाऱ्या खोलीत त्यामागे दिवा धरून आतल्या जिवाची हालचाल तपासतात, पिल्लू शिकारी नसलेल्या बेटावर किंवा कुंपणाआड वाढवतात आणि मग रानात सोडतात. अशा पिल्लांतली साधारण दोनतृतीयांश जगतात. सगळ्या जातींचे मिळून आज सुमारे ७०,००० किवी उरलेत आणि जिथे राखण नाही तिथे ते वर्षाला दोन टक्क्यांनी घटतात. पण जिथे राखण झाली तिथे चित्र पालटले, इतके की २०१७ मध्ये रोवी आणि उत्तरेचा तपकिरी किवी या दोन जाती आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त या गटातून एक पायरी खाली आल्या. विलोबँकसारख्या उद्यानांनी हे काम केले आहे. अंडी यायची तीही तिथे, पिल्ले निघायची तीही तिथे, आणि पुढच्या दालनात तिकीट काढून आलेले लोक. दर्शन हे त्या घराचे मुख्य काम असेल आणि अंडे जोडीला, तर ते घर तमाशाचे. अंडे मुख्य असेल आणि दर्शन त्याच्या खर्चापुरते, तर ते घर धर्मशाळेसारखे आहे: थकलेला जीव येतो, राहतो, पुढे जातो. एकाच छपराखाली दोन्ही असू शकतात, म्हणून पाटी वाचून भागत नाही. इथून रानात किती गेले हे विचारावे लागते.

दुसरा आक्षेप कडव्या बाजूने येतो. रात्र हलवणे हीसुद्धा जबरदस्तीच, रानात न जाणारा दालनातला किवी जन्मभर कैदीच, तेव्हा ही दालने बंद करा. अंडी उबवा, पण दाखवू नका. या म्हणण्याचा मी आदर करतो. काकापो या दुसऱ्या न उडणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत न्यूझीलंडने जवळजवळ हेच केले: १९९५ मध्ये त्यांची संख्या ५१ वर आली होती, त्यांना दूरच्या बेटांवर ठेवले, तिथे पर्यटकांना बंदी केली आणि आता ती दोनशेच्या पुढे गेली. पण किवीबद्दल मी या टोकाला जात नाही. मोजक्या पक्ष्यांचे नियमित अंधारातले आयुष्य, जिथे ते विणीला येतात आणि दीर्घकाळ जगतात, त्याला मी छळ म्हणू शकत नाही. मात्र एक अट मी सोडणार नाही. दालनात अशी जागा हवी जिथून पक्षी कोणालाच दिसत नाही, आणि तिथे जायचे की नाही हे त्याने ठरवायचे. तास तास तो बाहेर आला नाही तर त्याला हुसकायचे नाही. तिकिटाचे पैसे दिसण्यासाठी नसतात, वाट पाहण्यासाठी असतात, हे दारावरच सांगावे. वेलिंग्टनच्या झीलँडिया अभयारण्यात साडेआठ किलोमीटरांहून लांब कुंपणाच्या आत छोटे ठिपकेदार किवी मोकळे राहतात. तिथे रात्री मंद लाल उजेडाच्या बॅटऱ्या घेऊन लोकांना फिरवतात आणि किवी दिसेलच असे वचन देत नाहीत. देवाची झोप मोडली तर प्रक्षाळपूजा करता येते, कारण श्रद्धा म्हणते की देवाने ती भक्तांसाठी आपखुशीने सोडली. पक्ष्याने असे काही कबूल केलेले नाही. म्हणून त्याच्या बाबतीत भरपाईचा मार्गच नाही, आधीच सांभाळायला हवे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि तो आपल्या घरातून येतो. पक्ष्याच्या झोपेची एवढी चिंता करणारा माणूस हजारो सापळ्यांचे गुणगान कसे करतो? स्टोट हाही जीवच. भूतदया शिकलेल्या, पांजरपोळ पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न टाळता येणार नाही. सापळा कसा असतो ते आधी नीट पाहू. लाकडाची लांबट पेटी, तोंडाशी जाळी, जाळीला एकच भोक, आत एक अंडे किंवा सशाच्या मांसाचा तुकडा, आणि वाटेवर स्प्रिंगची लोखंडी कमान. डीओसी २०० नावाचा सापळा या कामासाठी खूप वापरतात; तो जनावराला किती लवकर मारतो याची चाचणी झालेली आहे. स्टोट कुतूहलाने भोकातून आत शिरतो, पाय पडतो, कमान सुटते. त्याचा गुन्हा काय? काहीच नाही. १८८० च्या दशकात मेंढपाळांच्या कुरणांतले ससे मारायला माणसांनी त्याला जहाजाने आणले. पक्षितज्ज्ञांनी तेव्हाच धोक्याची सूचना दिली होती, ती ऐकली नाही. वटवाघळे सोडली तर त्या भूमीवर सस्तन प्राणी नव्हता. किवीचे शत्रू आकाशातून नजरेने शिकार करत, म्हणून किवी रात्री बाहेर पडू लागला आणि संकटात निश्चल राहायला शिकला. नजरेपासून तो उत्तम लपला. स्टोट नजरेने शोधत नाही, वासाने शोधतो, आणि किवीच्या अंगाला उग्र वास असतो. कुत्र्यापुढेही त्याची हीच गत. १९८७ मध्ये वाइतांगीच्या जंगलात एका मोकाट कुत्रीने काही आठवड्यांत सुमारे ५०० किवी मारले असावेत असा अंदाज आहे. उडणे सुटल्यामुळे त्याच्या छातीचे हाड चपटे झाले आहे, कुत्र्याच्या जबड्याचा हलका दाबही त्याला पुरतो. लपण्याची जी विद्या त्याला मिळाली होती ती आपण आणलेल्या प्राण्यांनी निकामी केली.

म्हणून मी हा प्रश्न किवी मोठा की स्टोट असा मांडत नाही. दोघांच्या जिवाची किंमत करण्याचा तराजू माझ्याकडे नाही. मी तो ऋणाचा प्रश्न मानतो. गृहस्थाच्या पाच महायज्ञांत भूतयज्ञ आहे. इतर जिवांचा वाटा रोज काढून ठेवणे हे त्यात उपकार नसून देणे मानले आहे. किवीचे देणे माणसाने ओढवून घेतलेले आहे, आणि आता हात जोडून बाजूला उभे राहिलो तर ते स्टोटच्या दातांनी फेडले जाते, किवीच्या पिल्लांकडून. त्याला अहिंसा म्हणता येईल का? १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठेक भटके कुत्रे पिसाळण्याच्या भीतीने मारवले तेव्हा गांधींनी त्याचा निषेध केला नाही, आणि त्यांच्यावर संतप्त पत्रांचा पाऊस पडला. त्यांनी हिंसेला हिंसाच म्हटले. पण जबाबदारी न घेता तुकडा टाकून कुत्रे वाढवणाऱ्या दयेलाही त्यांनी दोष दिला. न्यूझीलंडच्या बाबतीत मला हेच लागू वाटते. कुंपण हा सौम्य मार्ग वाटतो खरा, पण झीलँडियाच्या कुंपणाच्या आतले सस्तन प्राणी आधी मारावेच लागले. हातावर रक्त न लागता हे काम होईल असा मार्ग आजतरी नाही. ज्या जैन साधूला किंवा वारकऱ्याला सापळा लावणे अशक्य वाटते त्याने तो लावू नये, त्याच्या नकारात सत्य आहे. पण ते सत्य त्या पिल्लाला वाचवत नाही. दुर्गम रानांत हेलिकॉप्टरमधून जे १०८० नावाचे विष टाकतात त्याबद्दल माझे मन इतके निःशंक नाही. सापळ्याइतके ते झटपट मारत नाही, आणि केआसारखे देशी पक्षीही कधीकधी त्याला बळी पडतात. त्याने किवीची आणि इतर पक्ष्यांची वीण सुधारते हे मी नाकारत नाही, तरी जिथे माणसाचे पाऊल पोचते तिथे सापळाच असावा असे मला वाटते.

आणि इथे मी पुन्हा पाहण्याकडे येतो. आपल्याला किवी दाखवतात पण सापळा दाखवत नाहीत, हे दर्शन अर्धे आहे. अंधाऱ्या दालनाला लागूनच ती लाकडी पेटी ठेवावी. कमान सुटते कशी ते मुलांना दाखवावे. यंदा तिच्यात किती स्टोट, किती उंदीर मेले तो आकडा लिहावा, आणि शेजारी रानात गेलेल्या किवींचा आकडा. हे मुलांना भेसूर वाटेल असे म्हणणाऱ्यांना मी विचारीन की गोंडस पक्षी दाखवून त्याची किंमत लपवणे याला शिक्षण कसे म्हणावे? लपण्याचा हक्क त्या पक्ष्याला आहे. त्याच्यासाठी होणाऱ्या हिंसेला तो नाही. ज्याने दोन्ही पाहिले त्याला पुढे कोणी कुत्रा मोकळा सोडून जंगलात हिंडताना दिसला तर तो गप्प बसणार नाही, आणि किवीला त्या गप्प न बसण्याचा उपयोग फोटोहून जास्त होतो.

ऑकलंड-वेलिंग्टनमध्ये आता मराठी घरे बरीच आहेत आणि सुट्टीत मुलांकडे, नातवंडांकडे जाणारे आईवडीलही. त्यांना माझे सांगणे साधे आहे. किवीघरात जाल तेव्हा फोन खिशात ठेवा, नातवंडाला आधीच सांगून ठेवा की आत बोलायचे नाही, काच असेल तर तिच्यावर टिचकी मारायची नाही. निदान पंधरा मिनिटे उभे राहा. पक्षी बाहेर आला नाही तर राखणदाराला तसे ऐकवू नका. बाहेर पडताना त्याला एकच विचारा, गेल्या विणीत इथून किती पिल्ले रानात गेली, आणि उत्तर समाधानाचे असेल तर देणगीच्या पेटीत काही टाकून या.